भरतीची रेघ : प्रकल्प नोंदी

20 ऑगस्ट 2024

काल नारळी पौर्णिमा झाली. होड्या पाण्यात गेल्या, आणि माझंही काम आजपासून सुरू. उधाणाचं पाणी जिथवर चढतं आणि मागे सरताना जे टाकून जातं, त्या वेड्यावाकड्या पट्ट्यातल्या वस्तूंचे सहा फलक करायचे आहेत. प्रत्येक फलक तीन फूट बाय दोन फूट. जागा आमचाच किनारा, वेंगुर्ले तालुक्यातला, खाडीच्या तोंडापासून काळ्या खडकांपर्यंत. त्यापलीकडची वस्तू घ्यायची नाही. रंग आणि गिलावासुद्धा याच परिसरातला हवा.

ही शेवटची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. किनाऱ्यावर सापडलेल्या वस्तू लावून केलेली कामं मी पुष्कळ पाहिली आहेत, स्वतःही केली आहेत. वस्तू देखणी असते, पण ती विकतच्या कॅनव्हासवर, विकतच्या ॲक्रिलिकमध्ये रोवली की ती कुठली होती हे कळेनासं होतं. मग ती नुसती शोभेची राहते. वस्तूच्या मागचा पृष्ठभागही तिच्याच गावचा असेल, तर दोघांचं नातं वेगळं सांगावं लागत नाही. हे खरं ठरतं का, ते या सहा फलकांवर बघायचं.

पावसाळ्याने यंदा भरपूर टाकलं आहे. उंडीच्या बिया, करवंट्या, माकुलाची पांढरी हाडं (आयुर्वेदातला समुद्रफेस तो हाच), फळ्यांचे तुकडे, बोये (जाळं तरंगतं ठेवणारे गोळे), निळे-हिरवे दोर, चपला आणि डांबराचे गोळे. हे गोळे दर पावसाळ्यात गोव्यापासून वरपर्यंत किनाऱ्याला लागतात. जहाजांतून सांडलेलं तेल समुद्रावर घट्ट होत होत त्यांचे गोळे बनतात.

वेळेसाठी इथला जुना हिशोबच बरा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. म्हणजे पौर्णिमेला पूर्ण ओहोटी सकाळी सहाच्या सुमारास. सर्वांत वरची रेघ पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत पडते आणि भांगाचं (अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीचं) पाणी तिथवर पोचत नाही, त्यामुळे पुढच्या उधाणापर्यंत ती जशीच्या तशी राहते. सावकाश बघायला तेवढी सवड पुरते.

18 सप्टेंबर 2024

काय उचलायचं नाही, त्याची यादी आज मांगराच्या, म्हणजे माझ्या कामाच्या खोपटाच्या, दारावर लावली.

प्रवाळ नाही. समुद्रघोडे नाहीत. कायद्याने संरक्षित असलेले मोठे शंख नाहीत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्टांत हे सगळं येतं. मेलेला, वाहून आलेला तुकडाही घरी आणून ठेवता येत नाही. मालवणचा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, तिकडे तर वाकूनसुद्धा बघायचं ते हात मागे बांधूनच.

अख्खे, न फुटलेले शंख नाहीत. त्यांच्यावर शंखातल्या खेकड्याचा हक्क आहे. त्याचं स्वतःचं पोट मऊ असतं, वाढत जाताना त्याला मोठं घर लागतं आणि ते त्याला याच रेघेत सापडतं. फुटलेला शंख मात्र घेते. चित्राच्या दृष्टीने तोच जास्त बोलतो. आतला पिळाचा खांब, त्याला लागून चढत जाणारे वळसे, अखंड शंखात दिसतच नाहीत.

आणि विसर्जनाचं काही नाही. काल अनंत चतुर्दशी झाली. आज किनाऱ्यावर पाटाचे तुकडे, निर्माल्य, रंगीत पुठ्ठे, मूर्तीचा एखादा अवशेष आहे. कुणीतरी निरोप दिलेल्या देवाचं ते आहे. मंडळाची मुलं सकाळीच गोळा करायला आली होती, त्यांना मदत केली आणि परतले.

6 ऑक्टोबर 2024

खार काढायचं काम. फलक टिकायचा असेल तर सगळं याच्यावर आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

समुद्रातून आलेल्या प्रत्येक वस्तूत मीठ मुरलेलं असतं. लाकडात, हाडात, सुंभात, गंजलेल्या लोखंडात तर फारच. ती तशीच चुन्यात बसवली तर दमट हवेत मीठ ओलं होतं, कोरड्या हवेत त्याचे स्फटिक होतात. हे वर्षभर चालू राहिलं की चुना पापुद्र्यांनी सुटतो. घराच्या भिंतीला लोणा लागतो तो याच कारणाने. लोखंडाचं आणखी वाईट. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि भोवतालचा गिलावा आतून फोडतो. एरवी ताज्या चुन्यात लोखंड काही काळ सुरक्षित राहतं, पण मिठातलं क्लोराइड ते संरक्षण मोडतं.

रापणीवरचे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावरचे, एक काका अंगणात आले होते. टोपलीतले होडीचे खिळे उलटेपालटे करून म्हणाले, "बाय, ह्येंका गोड्या पाण्यात ठेव. खार आत ऱ्हवता, मगे भायर येता." रसायनशास्त्राचं पुस्तक यापेक्षा वेगळं काही सांगत नाही.

लाकूड, हाडं, सुंभ पागोळ्यांच्या साठवलेल्या पाण्यात बुडवून ठेवले आहेत. विहिरीचं पाणी मुद्दाम टाळलं, किनाऱ्याजवळच्या विहिरीत आधीच थोडं मीठ असतं. पाणी बदलताना थोडं काचेच्या नळीत घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकायचे. मीठ असेल तर पाणी लगेच पांढुरकं होतं. शुद्ध पागोळीच्या पाण्याची दुसरी नळी शेजारी धरायची. दोन्ही सारख्या दिसू लागल्या की वस्तू बाहेर काढायची आणि सावलीत वाळवायची. उन्हात माकुलाचं हाड तडकतं आणि लाकूड पिळतं.

खिळे साध्या पाण्यात ठेवले तर तिथेच आणखी गंजतात. म्हणून धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात ठेवले आहेत. क्षारी पाण्यात गंज थांबतो आणि क्लोराइड मात्र हळूहळू बाहेर पडतं. नंतर हिरड्याचा दाट काढा ब्रशने लावायचा. हिरड्यातलं टॅनिन आणि गंजातलं लोखंड मिळून निळसर काळा, घट्ट थर तयार होतो. खिळा काळा पडतो, पण त्याच्या अंगावरचा एकही खड्डा बुजत नाही.

24 ऑक्टोबर 2024

एक फळी. दोन दिवस हिच्यापाशीच बसून आहे.

होडीच्या कडेची असावी, लांबी माझ्या हाताएवढी. बाहेरच्या बाजूला तेलरंग आहे. कडेला जिथे तो उचकटलाय तिथे भिंगातून थर मोजता येतात: वर निळा, खाली हिरवा, त्याखाली पुन्हा निळा पण फिकट, मग पांढरा, मग तांबडा, आणि अगदी तळाला लाकडात मुरलेलं काळपट तेल. होडी पावसाळ्यात ओढून ठेवली की डागडुजी होते, तळाला काजूच्या टरफलाचं तेल देतात, वरून रंग. प्रत्येक थर म्हणजे घरात पैसे असलेला एक पावसाळा. निळ्याखालचा हिरवा थर इतका पातळ आहे की ब्रशचे दातच दिसतात. त्या वर्षी रंग पुरवून पुरवून लावला असणार.

आतली बाजू पोखरलेली आहे. करंगळी जाईल एवढी बिळं एकमेकांना न छेदता वळत गेली आहेत. हा लाकूड खाणारा समुद्री प्राणी किड्यासारखा दिसतो, पण आहे तो शिंपल्यांच्याच कुळातला. डोक्याशी दोन छोटी कवचं असतात, त्यांनी तो लाकूड किसत पुढे जातो. आणि मागे राहिलेल्या बिळाला आतून चुन्याचा गिलावा करतो. सुईने एका बिळाच्या कडेचा पांढरा पापुद्रा उचलला, त्यावर लिंबाचा थेंब टाकला. फसफसला.

म्हणजे या फळीत गवंडीकाम आधीच झालेलं आहे. माझा चुना या बिळांत शिरेल तेव्हा तो आपल्याच जातीच्या अस्तराला धरेल. वरचा रंग तासायचा नाही, बिळं भरून सपाट करायची नाहीत. पहिल्या फलकात हीच फळी जाईल.

12 नोव्हेंबर 2024

पृष्ठभागाचं ठरलं: कावी.

गोव्यातल्या आणि तळकोकणातल्या काही जुन्या देवळांच्या भिंतींवर, खाली गोकर्णापर्यंत, पांढऱ्यावर तांबडी चित्रं आढळतात. लांबून रंगवल्यासारखी वाटतात, पण ती कोरलेली असतात. शिंपल्यांचा चुना, वाळू आणि गूळ यांचा गिलावा करायचा. तो ओला असतानाच वर काव मिसळलेल्या चुन्याचा तांबडा थर द्यायचा. मग टोकदार लोखंडी सळईने नको तिथला तांबडा थर खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. रंग वरून बसलेला नसतो, गिलाव्याचाच भाग असतो, म्हणून शेकडो पावसाळे काढतो. आज बऱ्याच ठिकाणी जीर्णोद्धारात ही चित्रं ऑइल पेंटखाली किंवा टाइलखाली गेली आहेत. प्रत्येक वेळी ऐकलं की जीव तुटतो. नवं देऊळ बांधता येतं, पण ती भिंत पुन्हा मिळत नाही.

मला ही पद्धत हवी आहे ती तिच्यातल्या साहित्यासाठी. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. सुमारे 900 अंशांवर भाजला की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळी (भाजलेला, न विरवलेला चुना) उरते. कळी पाण्यात टाकली की उसळून तापते आणि विरते. तिचा गिलावा केला की तो हवेतला तोच वायू पुन्हा ओढून घेतो आणि पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो. म्हणजे फलकात बसवलेला शिंपला आणि त्याच्या भोवतीचा चुना हा एकच पदार्थ. एक प्राण्याने घडवलेला, दुसरा आगीतून फिरून आलेला.

तांबड्याचंही तसंच. काव म्हणजे लोखंडाचा गंज धरलेली माती. आमच्या सड्यावरचा जांभा तांबडा आहे तो त्याच गंजाने, आणि होडीच्या खिळ्यावरचा गंज त्याचाच सख्खा. चिरेखाणीवरून चिरे कापतानाची भुकटी आणली, पाण्यात ढवळली, जड वाळू तळाला बसू दिली आणि वरचं तांबडं पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून घेतलं. तळाला जो गाळ साचला तो लोण्यासारखा मऊ. चुन्यात बरेचसे रंग उडतात, हा उडत नाही.

कळी लोहाराच्या भट्टीत करवंटीच्या कोळशावर भाजली. विरवताना डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे हवेतच, उडालेला एक थेंब डोळा घालवू शकतो. वाळू समुद्राची चालत नाही, खारामुळे. खाडीला मिळणाऱ्या व्हाळाची (ओढ्याची) घेतली. एक भाग चुना, अडीच भाग वाळू, गुळाचं पाणी, थोडं हिरड्याचं पाणी. झाकून मुरत ठेवलंय.

30 नोव्हेंबर 2024

चुना पुन्हा कुटला. थापीवरून आता तुटत नाही, सरकतो. चौकटी तयार: सागाची फ्रेम, आत बांबूच्या कामट्या कुडाच्या भिंतीसारख्या विणलेल्या, वर काथ्या. वजन बरंच होणार.

21 डिसेंबर 2024

पहिला फलक झाला.

फळी काथ्याने कामट्यांना बांधली, मग भोवती पांढरा गिलावा चढवला. तो ओला असताना तिसऱ्यांचे (हा शिंपल्यांचाच प्रकार) आणि कालवांचे तुकडे दाबले, उधाणाच्या रेघेत जसे पडतात तसे, एका बाजूला दाट आणि पुढे विरळ. वर तांबडा थर. त्यानंतर वाट बघायची. बोट टेकवलं तर ठसा उमटतो पण बोटाला चुना लागत नाही, ती वेळ साधायची. त्याआधी सळई लावली तर कड फाटते, उशीर झाला तर खडू ओढल्यासारखी भुकटी निघते. डिसेंबरच्या कोरड्या हवेत ही वेळ लवकर येते आणि लवकर जाते, म्हणून ओलं फडकं बाजूला लागतंच.

कोरलं काय? देवळांतल्या वेली आणि कमळं इथे घ्यायची नव्हती, ती त्या भिंतींची आहेत. पाणी मागे गेल्यावर वाळूवर एकात एक अडकलेल्या कमानी राहतात. त्यांच्या मी काढलेल्या नोंदींवरून रेघा घेतल्या. नवीन लाट जुन्या कमानीचा काही भाग पुसते, म्हणून कुठलीही कमान पूर्ण नसते. तेवढं पाळलं.

शेवटी मोठ्या कवडीच्या पाठीने पांढरा भाग घोटला. घोटल्यावर एका ठिकाणी शिंपल्याची कड आणि चुना यांच्यातली सीमा डोळ्यांना सापडेना. नखाने चाचपल्यावर कळलं. ऑगस्टपासून ज्यासाठी धडपड चालली होती ते या जागी झालेलं आहे. आता फलक आठवडाभर ओल्या गोणपाटाखाली राहील.

14 जानेवारी 2025

संक्रांत. काल पौष पौर्णिमा, म्हणून पहाटे किनाऱ्यावर.

कासवांचा हंगाम चालू आहे. ऑलिव्ह रिडलेच्या माद्या रात्री वर येऊन वाळूत अंडी घालतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला 2002 पासून त्यांची घरटी राखली जातात. आमच्या तालुक्यातही वायंगणीसारख्या किनाऱ्यांवर गावकरी जीव लावून हे करतात. त्यामुळे आता दिवा न लावता आणि रेघेच्या खालच्या अंगानेच चालायचं. वरच्या कोरड्या वाळूत पाऊल नाही.

आज रेघेत जाळ्याचा मोठा गुंता होता. बोये, दोर, त्यात अडकलेल्या फांद्या, वाळलेले खेकडे. अशाच तुटलेल्या जाळ्यांत कासवं अडकतात आणि श्वास घ्यायला वर न येता आल्याने मरतात. कापून, ओढून मांगरात आणला.

हा गुंता समोर ठेवून दुपारभर विचार केला. शिंपला आणि चुना एका कुळातले, खिळा आणि काव एका कुळातले. या दोराचं इथे कोण आहे? जाळ्याचं नायलॉन पाण्यापेक्षा जड, एकटं असेल तर बुडतं. रेघेत सर्वांत जास्त येतात ते पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिइथिलीनचे दोर, ते तरंगतात म्हणून. ना ते चुन्याला धरतात, ना चुना त्यांना. ओल्या गिलाव्यात दाबून पाहिलेला तुकडा वाळल्यावर अलगद निघून आला, मागे त्याच्या पिळाचा स्वच्छ ठसा ठेवून.

दोर वगळावा, असं दोघा मित्रांनी सुचवलं, फलक त्याशिवाय जास्त सुंदर होतील म्हणून. ते मला मान्य नाही. आजची भरतीची रेघ काढायची आणि तिच्यातला सर्वांत ठळक रंग गाळायचा, हे खोटं होईल. आणि त्याला कावेने माखून तांबडा करणं तर त्याहून खोटं. तो निळा आहे, निळाच दिसला पाहिजे.

3 फेब्रुवारी 2025

उपाय सापडला: चिकटवायचं नाही, शिवायचं. गिलावा ओला असताना दोराचा ठसा घेतला, दोर काढून ठेवला. फलक पूर्ण सुकल्यावर तोच दोर त्याच्या ठशाच्या बाजूला, दोन बोटं सरकवून, काथ्याच्या टाक्यांनी कामट्यांना बांधला. टाके उघडे ठेवले आहेत. चुन्याने दोराची आठवण ठेवली, त्याला घरात मात्र घेतलं नाही, हे बघणाऱ्याला दिसतं.

शिवताना एल अनात्सुई यांची सारखी आठवण येत होती. घानात जन्मलेला हा कलावंत नायजेरियात न्सुक्काला राहून काम करत आला. दारूच्या बाटल्यांची ॲल्युमिनियमची झाकणं चपटी करून, तांब्याच्या तारेने एकमेकांना जोडून तो भिंतभर पडदे करतो. जवळ गेलं की प्रत्येक झाकणावरचं नाव वाचता येतं, आणि युरोपातून आफ्रिकेत आलेली दारू कुठल्या व्यापाराबरोबर आली हेही मनात येतं. त्याच्या जोडणीत लपवालपवी नाही. सांधा हेच त्याचं रेखाटन आहे.

2 मार्च 2025

पाचवा फलक कापडाचा. जाडी खादी हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवली, उरलेले खिळे, साखळीचे दुवे, गळ तिच्यात गुंडाळून आमसुलाच्या आंबट पाण्याने ओली ठेवली. जिथे लोखंड टेकलं तिथे काळसर निळं उमटलं, कडेला तांबूस वलय. आमसुलाचा लाल रंग उन्हात उडून जाईल, तो धरलेला नाही. ज्याने डाग पाडला तो खिळा डागाशेजारीच शिवला.

मागे कागद-मातीचा पातळ थर दिलाय, चिंचोक्याच्या खळीत कालवून. अमेरिकी कलावंत रॉबर्ट राउशेनबर्ग 1975 मध्ये अहमदाबादला आला होता. तिथल्या गांधी आश्रमाच्या कागद कारखान्यात त्याने चिंध्यांचा लगदा, माती, मेथी आणि चिंचोक्याची पूड यांच्या मिश्रणातून कामं केली. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरची भंगारं उचलून नाव मिळवलेला माणूस इथे आल्यावर इथल्या भिंती लिंपणाऱ्यांचं साहित्य हातात घेतो, याचं मला फार वाटतं.

डांबराचा गोळा घ्यायचा की नाही हा प्रश्न उरला होता. फळीच्या एका तुकड्याला तो मुळातच चिकटलेला आहे, आत वाळू आणि शिंपल्याचा चुरा. उन्हात मऊ होतो, म्हणून हा फलक सावलीतच टांगायचा. गोळा ठेवला.

22 मार्च 2025

सहाही फलक गावच्या वाचनालयाच्या पडवीत लावले. काच नाही, चुन्याला हवा लागते. शिमग्यासाठी आलेले चाकरमानी अजून गावात आहेत, त्यामुळे गर्दी बरी होती.

रापणीवरचे काका चौथ्या फलकासमोर बराच वेळ उभे राहिले. दोराचा पीळ बोटांत धरून म्हणाले, "ह्यो दोर रापणीचो न्हय, ट्रॉलरचो." मग पहिल्या फलकाकडे वळले आणि फळीच्या वाकावरून ती होडीच्या कुठल्या भागाची, डाव्या अंगाची की उजव्या, हे शेजारच्या दोघांशी वाद घालून ठरवलं. उजव्या अंगाची, नाळेकडची, म्हणजे पुढच्या टोकाकडची. तिघांनी मिळून फळीखालून हात घालून मला वाक दाखवला.

पाट्या मी आज पुन्हा लिहून काढल्या. आधी त्यावर फक्त माध्यम होतं. आता असं आहे: कालवांचा चुना, व्हाळाची वाळू, चिरेखाणीची काव, होडीची फळी (उजवं अंग, नाळेकडची), ट्रॉलरचा दोर, काथ्या. तिसऱ्या आणि सहाव्या फलकातल्या बोयांबद्दल काका उद्या सकाळी येऊन सांगणार आहेत, त्या पाट्या तोवर कोऱ्या ठेवल्या आहेत.